वस्तीवर न झालेलं शिबिर

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एक भोपळा पाच वेळा विकला जातो. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. ज्वारी निघाली की आमचा सुगीचा सण असतो. ज्यानं त्यानं घरचं काहीतरी आणायचं. पायलीभर ज्वारी, अंडी, नारळ, कोंबडी, काहीही. उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. एकानं भोपळा घ्यायचा, "परत देवाला" म्हणायचं आणि पुन्हा टेबलावर ठेवायचा. मग दुसऱ्यानं घ्यायचा. बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही असा भोपळा देवळाला हजारो रुपये मिळवून देतो. पैसे तिथल्या तिथं कुणी काढत नाही. खजिनदार मागं बसून लिहून घेतात, आणि लोक पुढच्या रविवारपर्यंत आणून देतात. हल्ली तर फोनवरूनच पाठवतात.

याला एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. एखादा गरीब माणूस भरात येऊन मोठा आकडा बोलला, तर पुढच्या बाकावरच्यांनी त्याच्या वर चढायचं आणि त्याला सोडवायचं. त्याचा मानही राहतो आणि घरही राहतं. आमचे जुने पाळकसाहेब अशा वेळी "दोन वार" म्हणून थांबायचे. चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे, आणि पुढच्या बाकाकडं बघत राहायचे. कुणीतरी वर चढेपर्यंत त्यांच्या तोंडातून "तीन" निघायचं नाही.

ते निवृत्त झाले. नवे पाळकसाहेब पुण्याहून आले. तरुण माणूस, गिटार वाजवणारा, बोलायला गोड. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की यंदाच्या लिलावाचे सगळे पैसे उन्हाळी शिबिराला जाणार. शिबिर वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांसाठी, आणि तेही वस्तीवरच. केंदूरच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला एक वस्ती आहे, तिथं मांडव घालायचा, तीन दिवस मुलांना गाणी, खेळ, गोष्टी, पोटभर जेवण. ऐकून मला बरं वाटलं, कारण ती वस्ती मीच दाखवली होती.

मी केडगावात राहते. मिशनच्या मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाला होते, म्हातारपण येईतोवर. शिक्षण चौथी. आमच्या महिला मंडळाच्या आम्ही तिघीचौघी महिन्यातून एकदा त्या वस्तीवर प्रार्थनेला जायचो. चौफुल्यावर गाडी बदलायची, शिक्रापुरात बदलायची, केंदुरात उतरलं की पुढं पायी नाहीतर कुणाच्या दुधाच्या गाडीवर. वस्तीवरची एक बाई माझ्या जुन्या ओळखीची. तिचा नवरा आमच्याकडं गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायला होता. तो मेला तशी ती पोरीला घेऊन दिराच्या दारात परत गेली. पोर तेव्हा चालायलाही शिकली नव्हती. त्या साली नववीला होती. उंच, बारीक, आणि प्रश्न विचारून डोकं खाणारी.

त्या पोरीसाठी हे शिबिर म्हणजे गाणी आणि खेळ नव्हतं. हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं होतं की दहावीच्या दोन जागा शिबिरातल्या मुलींसाठी राखून ठेवल्यात. त्या स्वतः शिबिराला येणार, मुली बघणार, तिथंच घरच्यांच्या सह्या घेणार. मी अगोदरच विचारून बघितलं होतं, या पोरीला तेवढी आत्ताच घ्या म्हणून. त्या म्हणाल्या, "मावशी, पैसे देणाऱ्यांची अट आहे. शिबिरातूनच घ्यायच्या. पोरगी तिथं असू द्या, पुढचं मी बघते." वाईट बाई नव्हे ती. मी तिच्या हाताखाली काम केलंय.

मी हे वस्तीवर जाऊन सांगितलं. पोरीच्या आईनं दोन्ही हात तोंडावर धरले. दीर तिथंच बाजेवर बसला होता. तो म्हणाला, "दारात मांडव पडनार आसंल तर माजी कशाला ना आसंल? पोरगी माज्या नजरंसमोर राहील."

सुगीच्या सणाला त्या मायलेकी पहिल्यांदाच आमच्या देवळात आल्या. पहाटे निघून तीन गाड्या बदलून. पोरीनं काखेत कोंबडी आणली होती. स्वतः वाढवलेली, तांबूस, मानेवर पिसं नसलेली. वाटेत कंडक्टरनं तिकीट विचारलं म्हणून पोर हसत होती. "त्यो म्हनला, हिचं हाफ का फुल? मी म्हनलं, ती उबी ऱ्हाऊन येतीया, तिला शीट नगं."

लिलाव नवे पाळकसाहेबच पुकारत होते. नारळ झाला, भोपळा झाला, मग कोंबडी आली. साहेबांनी सांगितलं की ही त्या वस्तीवरून आली आहे, जिथं आपण शिबिर घेणार आहोत. लोकांना उत्साह आला. पहिला आकडा सणसवाडीच्या खोल्यावाल्यांनी टाकला. हे आमचे पंच. सणसवाडीत कंपनीच्या कामगारांसाठी त्यांनी खोल्यांच्या दोन चाळी बांधल्यात, बिहारी-यूपीवाली पोरं भाड्यानं राहतात. पुढच्या बाकावर यांची जागा ठरलेली. ते पाचशे म्हणाले, घेतली, परत देवाला. दुसऱ्यानं आठशेला घेतली, परत देवाला. कुणी बाराशे बोललं. कोंबडी टेबलावरून उचलायची, टाळ्या वाजायच्या, कोंबडी टेबलावर.

पोरीची आई हे सगळं बघत होती. तिनं आयुष्यात असा लिलाव बघितलेला नव्हता. कुणी खिशात हात घातलेला तिला दिसला नाही. तिला वाटलं, ही इथली रीतच आहे, प्रत्येकानं एकेकदा उठून मागच्यापेक्षा मोठा आकडा बोलायचा, कोंबडी हातात घ्यायची, परत ठेवायची. जसं आपण जागरणात पाळीपाळीनं एकेक गाणं म्हणतो. आणि आपली कोंबडी असून आपण गप्प बसलो तर बरं दिसणार नाही. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "दोन हजार."

देवळात हशा पिकला. वाईट हशा नव्हता, कौतुकाचा होता, पण हशाच.

"ताई, कोंबडी तुमचीच की!" कुणीतरी म्हणालं.

"मग तिनंच घ्याया पायजे," खोल्यावाले म्हणाले. "लखलाभ!"

मी त्यांच्याकडं बघितलं. आता चढतील, आता चढतील. ते हसत होते. बाजूच्याला फोनवर काहीतरी दाखवत होते. पाळकसाहेब म्हणाले, "दोन हजार एक वार, दोन वार," आणि थांबले नाहीत. चष्माही नव्हता त्यांना पुसायला. मी उठत होते. माझे गुडघे असे की बसलेली मी एका दमात उभी राहत नाही. उभी राहिले तोवर तीन वार झालं होतं आणि टाळ्या पडत होत्या.

तिनं कोंबडी घेतली, सगळ्यांसारखी उंच धरून दाखवली आणि म्हणाली, "परत देवाला." तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मला आजही नको वाटतं आठवायला. मागं खजिनदारांनी तिचं नाव विचारून लिहून घेतलं. ते निवृत्त मास्तर. कागदावर आलं ते खरं, एवढंच त्यांना कळतं.

त्यानंतर लोकांना चहाची घाई झाली. कोंबडी शेवटी खोल्यावाल्यांनी चारशेला घेतली, परत दिली नाही, आणि गाडीच्या डिकीत घालून नेली.

मी त्याच दिवशी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की त्या बाईचा आकडा धरू नका, तिला कळलेलं नाही. ते म्हणाले, "आई, तिचा विश्वास आपण कमी लेखायला नको." मी म्हटलं, "विश्वासाचं नाही सांगत, कांदे काढायच्या तिच्या रोजाचं सांगते. तिला दिवसाचे किती मिळतात ते ठाऊक आहे का तुम्हाला?" त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आपण प्रार्थना करू म्हणाले. मी हात काढून घेतला.

आमच्याकडं लिलावाची बाकी राहिली की सूचनांमध्ये नावं वाचतात. हे जुनंच आहे. नाव वाचलं की माणूस लाजून देऊन टाकतो. खजिनदारांनी दोन रविवार तिचं नाव वाचलं. ती तिथं ऐकायला नव्हती. मग त्यांनी फोन केला. तिला तेव्हा कळलं की बोललेला आकडा द्यायचा असतो.

मी वस्तीवर गेले. म्हटलं, "हे माझ्यावर सोड. मी भरते हळूहळू, नाहीतर भांडते त्यांच्याशी."

"तुमी कशापायी?" ती म्हणाली. "देवाफुडं मी बोलली ना. तुमी न्हाई बोलला."

"तुला माहीत नव्हतं ते."

"माज्या तोंडाला म्हाईत व्हतं. त्येनंच बोललं न्हवं?"

पोर म्हणाली, "आज्जी, ती ऐकनार न्हाई. लई हट्टी हाय. कोंबडी माजी, आन् इकत घेतली हिनं. मला तर मदला फायदा झाला पायजे व्हता." आणि हसली. आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

कांदे काढणीला आले होते. मायलेकी दोघी मजुरांच्या टोळीबरोबर गेल्या. एकटीच्या रोजात घर चालवून दोन हजार शिलकी पडत नाहीत, दोघींच्या पडतात. पोरीची शाळा सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस बुडाली, मग रोजच. वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दोन पेपरांना ती शिरूरच्या बाजूला कुणाच्या तरी रानात कांदे कापत होती. पैसे मात्र भरले. आईनं स्वतः केडगावला येऊन, रुमालात बांधून, खजिनदारांच्या हातात. त्यांनी पावती दिली. चहा विचारला नाही.

पावती घेऊन ती माझ्याकडं आली. पोरीच्या चुलत्यानं स्थळ आणलं होतं, श्रीगोंद्याकडचं. तो म्हणत होता, शाळा बुडालीच आहे, आता कशाला ठेवायची. त्याला तिनं कसंबसं थोपवलं होतं. "त्येला म्हनलं, मे महिन्यात दारात शिबिर हाय. हॉस्टेलच्या बाई येनार हायती. त्या काय म्हंत्यात ते ऐक, मग तुज्या मनाचं कर. त्यो म्हनला, शिबिर हूईस्तोवर थांबतो. त्याच्या फुडं एक दिस न्हाई." मग पावतीवर बोट ठेवून म्हणाली, "आन् आता तर मीबी शिबिराला पैसं भरल्यात. आता कुनी न्हाई म्हनू शकत न्हाई."

मी हॉस्टेलच्या बाईंकडं पुन्हा गेले. त्या म्हणाल्या, परीक्षेचं मी शाळेशी बोलेन, तुम्ही पोरगी आणि चुलता माझ्यासमोर उभे करा. म्हणजे सगळं अजून हातात होतं.

एप्रिलमध्ये पंचांची बैठक झाली. मी पंच नाही. चहा द्यायला आत होते, म्हणून ऐकलं. वस्तीवर संडास नाहीत. पाण्याचा टँकर लागेल. पुण्याहून बोलायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी वर चढणार नाही. ऊन फार. हे सगळं खरंच होतं. मग खोल्यावाले म्हणाले, "आन् आपल्या पोरांचं काय? पैसं आपण दिल्यात, आपली पोरं तिथं उनात मरायला पाठवायची का?" तोवर आपली पोरं जाणार आहेत हेच मी ऐकलं नव्हतं. हायवेला सणसवाडीच्या अलीकडं त्यांच्या ओळखीचं एक रिसॉर्ट होतं, स्वस्तात मिळत होतं. हॉल, पंखे, पोहायला हौद. वस्तीवरच्या मुलांसाठी टेम्पो पाठवू, असं ठरलं. पाळकसाहेबांना हे पटलं. ते म्हणाले की त्या मुलांना कधी असं काही बघायला मिळणार?

मी चहाची किटली खाली ठेवली आणि म्हटलं, "तिथल्या पोरी येणार नाहीत."

"का हो आई? टेम्पो दारात जाणार आहे."

"तुम्ही त्याला रिसॉर्ट म्हणता. हायवेच्या कडंला खोल्या भाड्यानं मिळतात त्याला तिथं लॉज म्हणतात. लॉजवर कोण पोर पाठवतंय?"

सगळे एकदम बोलायला लागले. देवळाचं शिबिर आहे, लॉज काय म्हणता, शब्द तरी जरा बघा. खोल्यावाल्यांना तर फारच लागलं. त्यांच्या ओळखीच्या माणसाचं होतं ना. माझं बोलणं असभ्य होतं हे ठरलं आणि तो विषय तिथं संपला.

टेम्पो जायच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर जाऊन बसले. पोरीनं पिशवी भरून ठेवली होती. चुलता आला, हातपाय धुतले, बाजेवर बसला आणि मला शांतपणे म्हणाला, "मावशी, तुमी वयानं मोट्या. तुमाला उलटं बोलनार न्हाई. दारात मांडव म्हनला व्हता का न्हाई?"

"म्हटलं होतं."

"मग आता लॉजवर कसं काय गेलं?"

"मी असणार आहे तिथं. स्वयंपाकाला. रात्री माझ्याशेजारी झोपेल ती."

"तुमच्यावर माजा इस्वास हाय. पर सोयरं इचारतील, पोरगी तीन रात्री कुठं व्हती. मी काय सांगू? हायवेच्या लॉजवर?" तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मी भांडले असते. "मी शिबिर हूईस्तोवर थांबतो म्हनलो व्हतो. थांबलो. तुमचं शिबिर काय माज्या दारात आलं न्हाई."

मी हॉस्टेलच्या बाईंना फोन लावून दिला. त्या त्याच्याशी बोलल्या, अट बाजूला ठेवून पोरीला नंतर घेऊन या असंही म्हणाल्या, पण त्यानं फोन माझ्या हातात परत दिला. त्याला बोलायचं होतं ते त्यानं बोलून टाकलं होतं. पोर चुलीपाशी उभी होती. तिनं पिशवी उलटी केली, कपडे काढले, घड्या मोडून दोरीवर टाकले. आईनं मला गाडीपर्यंत सोडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "पावती परत घेत्यात का वो?"

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून वस्तीवरचे तीन मुलगे आले. मुलगी एकही नाही. हॉलवर मोठा कापडी फलक होता, वाड्या-वस्त्यांवरील मुलांसाठी उन्हाळी शिबिर. त्या तिघांना फलकाखाली उभं करून पुष्कळ फोटो काढले. हॉस्टेलला पैसे देणाऱ्यांना पाठवायचे होते म्हणे. बाकीची साठ-सत्तर पोरं बहुतेक आपलीच होती, चांगली खात्यापित्या घरची. सकाळी गाणी, दुपारी हौदात डुंबणं. मी भाकरी थापत होते, कारण गावरान जेवण ठेवलं होतं, आणि पोरं भाकरी अर्धी टाकून चिप्स खात होती. हॉस्टेलच्या दोन जागा भरल्या. मुली चांगल्या होत्या, गरिबाच्याच होत्या, सणसवाडीच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या. त्यांच्यावर माझा राग नाही. बाई सही घेताना माझ्याकडं बघत नव्हत्या.

त्याच आठवड्यात तिकडं लग्न उरकलं. पत्रिका छापली नाही, मांडव घातला नाही, वस्तीवरच्या देवळासमोर हार घातले आणि पाठवली. मला पंधरा दिवसांनी कळलं.

पुढच्या सुगीच्या सणाला पाळकसाहेबांनी उपदेशात त्या बाईची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण कोंबडी सांगितली, दोन हजार सांगितले, कांद्याच्या रानात राबून शब्द पाळला तेही सांगितलं. गरीब विधवेनं असं दिलं, आपण काय देतो, असं विचारलं. बायकांनी डोळे पुसले. त्यांच्या बोलण्यात पोर कुठंच नव्हती. मी या वेळी आधीपासूनच बाकाला धरून उभी राहिले होते.

"तिच्या पोरीचं काय झालं तेही सांगा," मी म्हटलं.

साहेबांना खरंच ठाऊक नव्हतं. "आई, ते आपण नंतर बोलू."

"नंतर नको. पोरीची शाळा त्या दोन हजारात गेली. मग लग्न लावलं. ते घाला उपदेशात."

कुणीतरी "मावशी, बसा" म्हणालं. खोल्यावाले मान खाली घालून बसले होते. लाज वाटली की कंटाळा आला, सांगता येत नाही. मग गाणं झालं, आणि लिलाव सुरू झाला. पहिला नारळ. खोल्यावाल्यांनी नेहमीपेक्षा मोठा आकडा टाकला आणि लोकांनी नेहमीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. मी बाहेर येऊन चपला शोधल्या. त्यानंतर मी लिलावाला बसत नाही. उपासना संपली की निघते.

पोर मला एकदाच भेटली, शिरूरच्या एसटी स्टँडवर. गळ्यात काळे मणी, कडेवर मूल, सोबत सासू. मूल तिच्यासारखंच बारीक होतं. सासू पाण्याची बाटली आणायला गेली तशी ती माझ्याजवळ सरकली. मला वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "आज्जी, तिथं खरंच पवायचा हौद व्हता?"

"होता."

"केवडा?"

मी स्टँडकडं बघून सांगितलं, "इथून त्या रसवंतीपर्यंत."

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि रसवंतीकडं बघत राहिली. सासू परत आली, श्रीगोंद्याची गाडी लागली, आणि ती चढून आत गेली.